आधी फरशी, मग बूट

(दृश्य: पुण्यात डेक्कनजवळच्या एका उपाहारगृहाचा भटारखाना. कॅमेरा जमिनीलगत.)

सकाळचे साडेसात. बाहेरच्या टेबलांवर अजून पेपर उलगडले जातायत, पण आत भटारखाना केव्हाच तापलाय. खाली कोटा फरशी. कढईतून वडे काढताना उडालेलं तेल, मोरीकडून ओघळत आलेलं साबणाचं पाणी आणि या दोन्हींवर बेसनाची भुकटी. ही फरशी दिवसातून अनेकदा पुसली जाते. पुसली की आणखी निसरडी होते, कारण फडकं तेल उचलत नाही, पसरवतं.

आता पाय बघा. सांबाराचं पातेलं उचलून नेणाऱ्या या मुलाच्या पायात स्लिपर आहे. टाचेकडे ती इतकी झिजलीय की फरशीचा गारवा थेट पायाला लागत असणार. चाकणच्या किंवा भोसरीच्या कारखान्यात निदान दारावर बूट तपासतात, कंपनी बूट देते. शहरातल्या सगळ्यात निसरड्या फरशा मात्र हॉटेलांच्या भटारखान्यात आहेत, आणि तिथं बहुतेकांना बूट कुणी देत नाही. ज्याची त्यानं सोय करायची.

(दृश्य: तेच पाऊल, संथ गतीत.)

घसरणं नेमकं कधी होतं, ते संथ गतीतच दिसतं. पाऊल पुढे पडतं तेव्हा टाच सपाट टेकत नाही, मागच्या कडेनं तिरकी टेकते. अंगाचं वजन नुकतंच त्या पायावर यायला लागलेलं असतं आणि पायाला अजून पुढे जायचा वेग असतो. त्या क्षणी टाच आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा किंवा तेलाचा पातळ थर अडकला, की पाय पुढे जातो आणि माणूस मागे पडतो. डोकं, कंबर, मनगट, जे पहिलं टेकेल ते. मागचा पाय उचलताना चवडा सरकला तर माणूस सहसा सावरतो, कारण वजन तोवर पुढच्या पायावर गेलेलं असतं. म्हणून बूट उलटा करून बघताना पहिली नजर टाचेच्या मागच्या कडेवर टाका. चवड्याची नक्षी कितीही देखणी असू दे.

त्या नक्षीचं काम एकच, मधला थर बाहेर काढायचा. त्यासाठी रबरात बारीक, मोकळ्या खाचा हव्यात आणि त्या सोलच्या कडेपर्यंत जायला हव्यात. मध्येच बंद होणारी खाच पाणी साठवून ठेवते, बाहेर टाकत नाही. शिवाय फरशीला टेकणारा भाग पुरेसा सपाट आणि रुंद हवा. इथंच बरेच जण फसतात. मोठमोठ्या खुट्यांचा ट्रेकिंगचा बूट दिसतो दणकट, म्हणून भटारखान्यासाठी घेतला जातो. चिखलात त्या खुट्या रुततात आणि धरतात. ओल्या टाइलवर रुतायला काही नसतंच, आणि टेकायला राहतात फक्त खुट्यांची टोकं.

(दृश्य: महात्मा फुले मंडई. पाऊस.)

बूट विकत घेताना आपण किंमत विचारतो, कंपनी विचारतो, रंग तर विचारतोच. खरा पहिला प्रश्न फरशीचा आहे. दिवसातला जास्तीत जास्त वेळ तुमचे पाय कशावर असतात?

1886 साली उभ्या राहिलेल्या या मंडईत ते दगडावर असतात. त्यावर पालकाची पानं, कोथिंबिरीच्या काड्या, सडक्या टोमॅटोचा रस. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात दसऱ्याच्या आधी फुलबाजारात जा, झेंडूच्या पाकळ्या तुडवून तुडवून त्यांचा लगदा झालेला असतो. पाठीवर 50 किलोचं पोतं घेतलेला हमाल त्यावरून जातो. वजन वाढलं की पायाचा दाब वाढतो आणि पकडही वाढते, हे खरं. पण पाय सुटलाच तर सावरायला हात मोकळे नसतात. इथं जुन्या टायरच्या सोलच्या चपलाही दिसतात. वर्षानुवर्षं टिकतात. डांबरावर आणि शेतात चांगल्याच चालतात. गुळगुळीत ओल्या फरशीवर मात्र त्यांचा टिकाऊपणा काही कामाचा नाही.

कारण टिकाऊपणा आणि पकड यांचं फारसं पटत नाही. मऊ रबर फरशीच्या बारीक खडबडीतपणात शिरतं, धरतं आणि लवकर झिजतं. कडक रबर झिजत नाही, पण धरतही नाही. ‘पाच वर्षं काही होणार नाही’ असं सांगून कुणी बूट विकत असेल, तर त्याला विचारा, कशाला काही होणार नाही? सोलला की कमरेला? दुकानात एक साधी परीक्षा करता येते. टाचेच्या रबरावर अंगठ्याचं नख दाबा. थोडं आत गेलं आणि खूण लगेच भरून आली तर चांगलं. नख नुसतंच सरकलं तर तो बूट कोरड्या ऑफिसात घालावा.

(दृश्य: सेफ्टी शूजच्या जिभेवरचं लेबल, अगदी जवळून.)

कामाच्या बुटांच्या जिभेवर अक्षरं छापलेली असतात. ती वाचणारा माणूस क्वचितच भेटतो. युरोपीय मानकाच्या जुन्या खुणा एसआरए, एसआरबी आणि एसआरसी अशा होत्या, आणि दुकानात त्या अजूनही दिसतात. एसआरए म्हणजे साबणाच्या पाण्यानं ओल्या केलेल्या सिरॅमिक टाइलवर घेतलेली चाचणी. एसआरबी ग्लिसरॉल, म्हणजे ग्लिसरीन, लावलेल्या पोलादी पत्र्यावरची. दोन्हींत पास झालेला बूट एसआरसी. 2022 च्या आवृत्तीत ही पद्धत बदलली. आता साबणाच्या टाइलची चाचणी सगळ्यांनाच सक्तीची आहे आणि ग्लिसरॉलची जादा चाचणी पार केली तर एसआर ही खूण मिळते.

आता आकडे ऐका. सरळ, सपाट चालायला घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकड किती ते सांगणारा आकडा, साधारण 0.2 असला तरी भागतं. वळताना, घाईत आणि उतारावर जास्त लागतो. जुन्या एसआरए चाचणीत टाचेला किमान 0.28 हवा होता. आणि एसआरबीमध्ये, म्हणजे बुळबुळीत पत्र्यावर? फक्त 0.13. थोडक्यात, सगळ्या चाचण्या पास झालेला बूटसुद्धा तेलाच्या थारोळ्यात तुम्हाला उभं ठेवेलच असं नाही. तिथं आधी तेल पुसायला हवं, तेही गरम पाणी आणि साबण घेऊन.

आणखी एक गैरसमज. सोलवर ‘ऑइल रेझिस्टंट’ लिहिलेलं असतं. ग्राहकाला वाटतं, तेलावर घसरणार नाही. त्याचा अर्थ एवढाच की तेल लागून सोल फुगणार नाही, खराब होणार नाही. साधं रबर तेलानं फुगतं, नायट्राइल रबर तग धरतं. भट्टीजवळ किंवा वेल्डिंगला उभे राहत असाल तर एचआरओ ही खूण शोधा. तो बाहेरचा सोल 300 अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर एक मिनिट टिकलेला असतो. आपल्याकडच्या सेफ्टी शूजवर आयएसआय मार्क आणि आयएस 15298 हा क्रमांक असतो. बोटांवरच्या कडक टोपीला 200 ज्यूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे सुमारे एक मीटरवरून पडलेलं 20 किलोचं वजन. वाढप्याला या टोपीची गरज नाही. दिवसभर ते ओझं उगाच वागवायचं.

(दृश्य: पेठेतला रस्त्याकडेचा चर्मकार. समोर लोखंडी साचा, आरी, रांपी, सोल्यूशनचा डबा.)

हे काका लेबल वाचत नाहीत. बूट हातात घेतात, उलटा करतात आणि माणूस सांगतात. टाच बाहेरच्या कडेनं थोडी झिजलेली असेल तर काही विशेष नाही, बहुतेकांची तशीच झिजते. आतल्या कडेनं झिजली असेल तर पाय आत पडतोय, बूट आतून आधार देत नाहीये. एकाच पायाची जास्त झिजली असेल तर काका विचारतात, ‘गुडघा दुखतो का?’ समोरचा चमकतो.

आम्ही विचारलं, ‘काका, चांगला बूट कसा ओळखायचा?’ त्यांनी समोरचा एक बूट उचलला आणि दोन्ही हातांनी वाकवला. तो चवड्यापाशी वाकला. ‘पाय जिथं वाकतो तिथंच बूट वाकला पाहिजे.’ दुसरा उचलला, तो बरोबर मधोमध दुमडला. ‘हा बघा. दोन महिन्यांत तळपाय धरणार.’ मग त्यांनी टाचेमागचा भाग अंगठ्यानं दाबला. तो लगेच आत गेला तर टाच आत डुलत राहते, असं त्यांचं म्हणणं. शेवटी सोल आणि वरचं चामडं जिथं मिळतं तिथं नख घातलं. नुसतं चिकटवलेलं आहे की शिलाईसुद्धा मारलीय? चिकटवलेलं वाईटच असतं असं नाही. पण पुण्याच्या पावसात रोज भिजून रोज वाळणारा बूट असेल तर शिलाईवर भरवसा जास्त.

टाचेच्या मागच्या कडेची नक्षी जाऊन नाण्याएवढा जरी गुळगुळीत ठिपका दिसला, तरी ओल्या फरशीवर तो बूट घालू नये. वरून नवा दिसत असला तरी.

(दृश्य: संध्याकाळ. लक्ष्मी रोड.)

बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, सकाळी नेमका बसलेला बूट रात्री चावतो. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, ते या बाबतीत पथ्यावरच पडतं.

कामावर जे मोजे घालता तेच घालून जा. दोन्ही पाय मोजायला लावा, ते क्वचितच सारखे असतात. माप मोठ्या पायाचं घ्या. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि लांब बोट अंगठाच असेल असंही नाही. दुकानातल्या गालिच्यावर चालू नका, फरशीवर या. ‘वापरून सैल होईल’ हे वाक्य चामड्याच्या रुंदीबाबत थोडं खरं आहे, लांबीबाबत मुळीच नाही.

मापाचा घोळ तसा जुना आहे. आपण सात नंबर, आठ नंबर म्हणतो तो ब्रिटिश हिशेब, एका नंबरामागे एक तृतीयांश इंच. हे माप लांबीचं. आपल्याकडचे बरेच पाय पुढे रुंद असतात. मग रुंदी मिळावी म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो आणि टाच मागे खेळायला लागते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं 2021 च्या डिसेंबरपासून 2022 च्या मार्चपर्यंत देशात 79 ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. भारतीय पाय रुंद असतात हे त्यात दिसलं, आणि त्यावरून ‘भा’ नावाची नवी मापपद्धत सुचवली गेली. ती दुकानात येईपर्यंत रुंद साच्याचा बूट मागून बघायचा.

बायकांची अडचण वेगळी. हॉस्पिटलातल्या सिस्टर, वॉर्डातल्या मावशी, कॅन्टीनमध्ये पोळ्या करणाऱ्या ताई दिवसभर पायांवर असतात. त्यांनी कामाचा बूट मागितला की बऱ्याचदा पुरुषांचाच पाच नंबर पुढे येतो. बायकांची टाच अरुंद असते, ती त्यात हलते. लेस असलेला घेतला तर निदान आवळता येतो. नुसता पाय सरकवायचा क्लॉग घ्यायचा असेल तर मागे पट्टा असलेलाच घ्यावा.

(दृश्य: वेताळ टेकडी, पहाट.)

चालायच्या बुटाचं गणित इथं उलटं होतं. उन्हाळ्यात टेकडीवर सुटा मुरूम असतो, उतरताना तो पायाखाली गोट्यांसारखा गडगडतो. इथं खोल खुट्या हव्यात. पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर चिखलासाठीही त्याच हव्यात, पण शेवाळलेल्या काळ्या खडकावर कुठल्याच सोलचा भरवसा धरू नये. पर्वतीच्या पायऱ्या आणि जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ यांच्यासाठी हलका, मऊ ईव्हीएचा, म्हणजे फोमचा, मधला थर आणि खाली रबर असलेला बूट पुरतो. ईव्हीए दाबून दाबून बसतं. दोन जोड आलटूनपालटून वापरले तर त्याला उसंत मिळते आणि घामही वाळतो. भिजलेला बूट उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका. आतलं सोल काढा आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. दर दोन तासांनी बदला.

लांब चालायचं तर नवा बूट नको, हे वारकऱ्यांना सांगावं लागत नाही. आळंदीहून पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा इथले चर्मकार वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देतात. शिवायला येतात त्या जुन्या, पायाला सरावलेल्या चपला. दिवे घाट चढायच्या आदल्या दिवशी नवी जोडी कोण घालणार?

(दृश्य: पुन्हा काकांची टपरी. हातात तुटलेला बूट.)

हा बूट मात्र जवळपास न वापरलेला आहे. चांगला म्हणून एका गृहस्थांनी खोक्यात घालून माळ्यावर ठेवला होता. काही वर्षांनी लग्नाला काढला आणि हॉलच्या पायरीवर सोलचा भुगा झाला. सोल पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेनचा. हवेतल्या दमटपणानं पीयू आतून सुटत जातं, बूट वापरला नाही तरी. उलट बंद खोक्यात ते लवकर होतं. कारखान्यातले पुष्कळ सेफ्टी शूज याच सोलचे असतात. स्टोअरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेला जोड सवलतीत मिळाला तर खोक्यावर बनवल्याची तारीख बघा.

काकांनी उरलेला पीयू रांपीनं खरवडून काढला. वरचं चामडं शाबूत आहे, त्यामुळे रबरी सोल बसेल, शिलाई मारून. गृहस्थांनी विचारलं, कधी मिळेल? दोन दिवस, काका म्हणाले. पाऊस लागला तर चार.