सुपरकॅपॅसिटर: २.७ व्होल्टची मर्यादा आणि चार्जिंग

सुपरकॅपॅसिटर, म्हणजे साध्या कॅपॅसिटरपेक्षा कितीतरी जास्त चार्ज साठवणारा कॅपॅसिटर, हातात घेतला की आधी त्याच्यावर छापलेला व्होल्टेजचा आकडा बघा, बहुतेक वेळा २.७ व्होल्ट असतो, काहींवर २.५, हल्लीच्या काहींवर ३.० पण. साध्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरवर २५ नाहीतर ५० व्होल्ट लिहिलेलं असतं मग हा एवढा जाडजूड सेल २.७ वरच का अडकतो, हा प्रश्न पडायलाच हवा. साध्या कॅपॅसिटरमध्ये दोन प्लेटांच्या मध्ये डायइलेक्ट्रिकचा, म्हणजे वीज न वाहू देणारा थर असतो, तो जाड केला की व्होल्टेज वाढवता येतं. इथे तसा थरच नाहीये. सच्छिद्र कार्बन आणि त्याला अगदी चिकटून जमलेले इलेक्ट्रोलाइटचे (आतल्या द्रावणाचे) आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बस. अंतर रेणूच्या मापाचं असतं म्हणून तर शेकडो फॅरड (कपॅसिटीचं एकक) मिळतात, पण व्होल्टेज किती चालेल ते मग इलेक्ट्रोलाइट ठरवतो. पाण्याचं विघटन १.२३ व्होल्टच्या पुढे सुरू होऊ शकतं म्हणून पाण्याच्या इलेक्ट्रोलाइटचा सेल साधारण १ व्होल्टचाच, आणि अ‍ॅसिटोनायट्राइलसारखं सेंद्रिय द्रावण घेतलं की २.७ पर्यंत पोचता येतं.

त्याच्यावर गेलात तर लगेच धमाका होतो असं नाही, आणि हेच जास्त फसवं आहे. आत हळूहळू गॅस बनतो, रेझिस्टन्स वाढत जातो, कपॅसिटी घटते, मग डबा फुगतो आणि शेवटी व्हेंट, म्हणजे दाब सोडायची जागा, उघडतो. मी तर सांगेन की मुद्दाम २.५ वरच चालवा. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर जाते म्हणून साधारण १४ टक्के कमी मिळेल, पण आयुष्य बरंच वाढतं. तापमानाचंही तसंच, १० अंश कमी ठेवलं तर आयुष्य ढोबळमानाने दुप्पट.

आता चार्जिंग. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की चार्जिंगच्या सुरुवातीला धोका सप्लायला असतो आणि शेवटी धोका सेलला असतो, आणि या दोन गोष्टींचा बंदोबस्त वेगवेगळा करावा लागतो. रिकामा सेल म्हणजे सप्लायच्या नजरेत सरळ शॉर्ट, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर जोडला की प्रोटेक्शनमध्ये जातो, बंद होतो, परत चालू होतो, परत बंद. मग लोक मध्ये रेझिस्टर टाकतात, करंट आटोक्यात येतो आणि वाटतं की झालं काम. पण रेझिस्टर फक्त करंट अडवतो हो, व्होल्टेज नाही! ५ व्होल्टच्या सप्लायला रेझिस्टरमधून २.७ चा सेल जोडून ठेवलात तर तो २.७ वर थांबणार नाही, सावकाश ५ च्या दिशेने चढतच राहणार. म्हणून सप्लायचं व्होल्टेजच २.७ च्या आत बांधून घ्या, करंटचं नंतर बघू.

रेझिस्टरने वेळही फार जातो. १०० फॅरडला ५ ओहम लावला तर टाइम कॉन्स्टंट (फॅरड गुणिले ओहम) ५०० सेकंद, आणि जवळजवळ पूर्ण भरायला त्याच्या पाचपट वेळ, म्हणजे ४० मिनिटं. तोच सेल १ अँपिअरच्या स्थिर करंटने २७० सेकंदात २.७ ला पोचतो. आणि रेझिस्टर कितीही ओहमचा घ्या, स्थिर व्होल्टेजच्या सप्लायवरून शून्यापासून भरताना जेवढी ऊर्जा सेलमध्ये साठते तेवढीच उष्णतेत जाते. लिनियर करंट सोर्सनेही (जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवून करंट स्थिर ठेवणारं सर्किट) ती वाचत नाही, त्यासाठी स्विचिंग बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून देणारं सर्किट) लागतो, आधी स्थिर करंट आणि शेवटी स्थिर व्होल्टेज देणारा. लिथियमचा चार्जर मात्र एका सेलला लावू नका, तो ४.२ पर्यंत नेतो.

जास्त व्होल्टेज हवं तर सेल सिरीजमध्ये जोडतात, दोन जोडले की ५.४. कागदावर बरोबर आहे. पण सेलची कपॅसिटी छापलेल्या आकड्यापेक्षा २० टक्के कमी किंवा जास्त सहज असू शकते, समजा १०० फॅरडच्या दोन सेलपैकी एक ८० फॅरडचा निघाला आणि दुसरा १२० चा, तर दोघांतून चार्ज सारखाच जातो, त्यामुळे ५.४ पैकी ३.२४ व्होल्ट ८० वाल्यावर येतात आणि १२० वाल्यावर २.१६. बाहेरून मीटर ५.४ दाखवतोय आणि आत एक सेल मरतोय! म्हणून बॅलन्सिंग हवंच. प्रत्येक सेलला समांतर रेझिस्टर लावला तर लीकेजमुळे (सेलमधून आपोआप झिरपणाऱ्या करंटमुळे) पडणारा फरक सावरतो, पण भराभर चार्ज करणार असाल तर तो पुरत नाही, तिथे ठराविक व्होल्टेजच्या वर करंट बाजूने वळवणारं अ‍ॅक्टिव्ह सर्किट घ्या.

नाण्यासारखे ५.५ व्होल्टवाले मिळतात त्यांच्या आतही एकापेक्षा जास्त सेल सिरीजमध्येच असतात, त्यांचा रेझिस्टन्स बहुधा कित्येक ओहम, घड्याळाच्या बॅकअपला उत्तम पण मोटर त्यावर चालवायला जाऊ नका. उलट ३००० फॅरडच्या सेलचा रेझिस्टन्स मिलिओहमच्याही खाली, धातूने शॉर्ट झाला तर प्रचंड करंट वाहणार, म्हणजे त्याच्याजवळ काम करताना अंगठी आणि धातूचं घड्याळ काढूनच ठेवायचं. डिस्चार्ज करताना रेझिस्टरमधून करा, आणि शून्य झाला म्हणून लगेच सोडून देऊ नका, कार्बनच्या खोल छिद्रांत उरलेला चार्ज बाहेर येतो आणि व्होल्टेज परत थोडं वर चढतं. म्हणूनच मोठ्या मॉड्यूल्सच्या (अनेक सेल जोडलेल्या संचांच्या) टर्मिनलांना शॉर्टिंगची तार लावून ठेवतात, ती सर्किटमध्ये बसवायच्या वेळीच काढा.