दिवेलागणीनंतरची आसनं

श्रोतेहो, नमस्कार. सकाळी राहून गेलेला व्यायाम संध्याकाळी उरकायचा, असा पुष्कळांचा बेत असतो. सूर्यनमस्कार, भस्त्रिका (भात्यासारखा जोरानं केलेला श्वासोच्छ्वास) यांनी अंगात तरतरी येते. ती रात्री नऊ वाजता काय कामाची? शिवाय संध्याकाळी शरीराचं तापमान सकाळपेक्षा थोडं जास्त असतं, सांधे मोकळे झालेले असतात. सकाळी न वाकणारी पाठ आता वाकते, म्हणून आपण हावरटासारखे ताणत जातो, आणि पाठ धरल्याचं दुसऱ्या दिवशी उठताना कळतं. तेव्हा संध्याकाळी ताण कमी आणि आधार जास्त. वर्षानुवर्षं टिकेल असा अभ्यास हाच.

आधाराची ही पद्धत पुण्यात रुजली. तिथे १९३७ साली योग शिकवायला आलेल्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी लोड, पट्टे, खुर्च्या, घडीच्या चादरी यांच्या मदतीनं आजारी आणि वयस्कर माणसांनाही आसनात टिकून राहता येईल अशी सोय केली. घरी एक लोड, दोन-तीन जाड चादरी, तीन उशा आणि मोकळी भिंत पुरते. लोड नसेल तर गोधडी घट्ट गुंडाळून दोन ठिकाणी नाडीनं बांधा. गादीवर मात्र नको, कंबर रुतते. सतरंजी बरी. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावे लागतात, म्हणून हे जेवणाआधीच करावं.

सुरुवात सुप्त बद्धकोणासनानं. लोड पाठीमागे उभा ठेवा, म्हणजे कण्याच्या रेषेत. त्याचं टोक माकडहाडाच्या वर टेकलं पाहिजे, नितंब जमिनीवरच. पायांचे तळवे एकमेकांना लावून मागे टेका. गुडघे हवेत लोंबकळले की जांघ धरते. दोन्ही मांड्यांखाली उशी सरकवा. डोक्याखाली चादरीची घडी अशी, की हनुवटीपेक्षा कपाळ किंचित उंच राहील. पाच मिनिटं.

मग विपरीत करणी, म्हणजे निजून पाय भिंतीवर उभे ठेवणं. चुका होतात त्या इथे. भिंतीलगत चादरीची चार-पाच इंच उंचीची घडी ठेवा. तिच्यावर आडवं बसा, एक कुल्ला भिंतीला चिकटलेला. मग हातावर भार घेत वळा आणि पाय भिंतीवर न्या. समोरून सरकत जाणारे भिंतीपासून हातभर लांबच राहतात. घडी कमरेच्या पोकळीत आली तर कंबर दुखते. ती कुल्ल्यांखालीच हवी. मांडीची मागची बाजू आखडली असेल तर घडी भिंतीपासून वीतभर लांब घ्या, गुडघे थोडे वाकले तरी चालतील. पाच ते दहा मिनिटं. मुंग्या आल्या तर तळवे जुळवून पाय खाली ओढा. उतरताना गुडघे वाकवा, उजव्या कुशीवर वळा, थोडं थांबा, मग हाताच्या रेट्यानं उठा. झटक्यात उठलात तर चक्कर येते.

काचबिंदू, दृष्टिपटलाचा विकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर हे आसन नको. जमिनीवर निजून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, तेवढं पुरे. अय्यंगार परंपरेत पाळीच्या दिवसांतही विपरीत करणी टाळतात. गरोदर बायकांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारूनच करावं.

आता बसून भ्रामरीची सहा आवर्तनं. मांडी घालताना गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर येत असतील तर खाली घडी घ्या, नाहीतर पाठीला पोक येतो. ओठ मिटलेले, दात सुटे, आणि नाकातून श्वास सोडताना गुंजारव. आवाज शेजाऱ्यांना ऐकवायचा नाही; जोर लावला की घसा आवळतो आणि श्वास तोकडा पडतो. लांबलेल्या उच्छ्वासात हृदयाचे ठोके मंदावतात, खरं काम तेच करतं. सर्दीनं नाक चोंदलं असेल त्या दिवशी सोडून द्या.

शेवटी शवासन, दहा मिनिटं. गुडघ्यांखाली लोड घेतला की कंबर आपसूक टेकते. अंग गार पडतं, म्हणून पंखा कमी करा आणि पातळ चादर ओढून घ्या. जाणकार म्हणतील, शवासनात झोपायचं नसतं. खरं आहे, पण दिवसभर राबलेल्या माणसाचा डोळा लागला तर आमची तक्रार नाही. फक्त घरच्यांना सांगून ठेवा, घोरणं ऐकू आलं की जेवायला उठवा म्हणून.