टाकी फुल, काटा शून्यावर

जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा बिघडला की आपण पहिल्यांदा डॅशबोर्ड उचकटतो. दिसतो तिथे ना तो! पण दुखणं बहुतेक वेळा मागे, टाकीपाशी असतं.

माझ्या पद्मिनीचंच सांगतो. डेंटिंग-पेंटिंग करून गाडी घरी आली. टाकीसुद्धा उतरवून, आतून धुऊन, वर काळा रंग मारून बसवलेली. पंपावर टाकी फुल केली, काटा जागचा हलेना. एका इलेक्ट्रिशियनने जुन्या बाजारातून दुसरं मीटर आणून बसवलं. तेही शून्यावरच. पैसे गेले, वर डॅशबोर्डचे दोन स्क्रू कायमचे हरवले.

यंत्रणा तशी साधी आहे. टाकीत फ्लोट तरंगतो. त्याच्या दांडीचं दुसरं टोक रोधाच्या तारेच्या वेटोळ्यावर सरकतं. टाकीत बसवलेल्या या सगळ्या जोडणीला सेंडर म्हणतात. पेट्रोल खाली गेलं की रोध बदलतो, करंट बदलतो, काटा हलतो. एवढं सगळ्यांना माहीत असतं. विसर पडतो तो परतीच्या वाटेचा. मीटरकडून वायरीने आलेला करंट सेंडरमधून टाकीच्या पत्र्यात, तिथून बॉडीत आणि मग बॅटरीत परत जायला हवा. यालाच आपण अर्थ म्हणतो.

तपासणी अशी करा. किल्ली बंद. सेंडरवरची वायर काढा आणि बॉडीच्या उघड्या, स्वच्छ पत्र्याला क्लिपने पक्की लावा. मगच किल्ली फिरवा. क्रम उलटा करू नका. पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पडायला नको. माझ्या गाडीत काटा सरळ फुलवर गेला. म्हणजे मीटर ठीक, वायरही ठीक. पुन्हा किल्ली बंद करून वायर जागेवर लावली आणि सेंडरच्या अंगापासून बॉडीपर्यंत एक जादा वायर टाकली. किल्ली फिरवताच काटा वर! पेंटरने इतकं मन लावून काम केलं होतं की टाकीच्या पट्ट्यांखाली, बोल्टखाली, सगळीकडे रंग. चार आण्याच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासली, काम संपलं.

हीच परीक्षा सगळ्या गाड्यांना सरसकट लावू नका. अनेक अमेरिकन गाड्यांत उलटं असतं, वायर अर्थ केली की काटा रिकामा दाखवतो. साठच्या दशकाच्या मध्यापासूनच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत काटा तापणाऱ्या द्विधातू पट्टीवर चालतो, म्हणून तो सावकाश चढतो. तिथे वायर फार वेळ अर्थला ठेवली तर मीटर जळू शकतं. त्याच गाड्यांत पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवू लागले तर सेंडर सोडा, सुमारे 10 व्होल्ट पुरवणारा स्टॅबिलायझर आणि त्याची अर्थ बघा.

अर्थ चांगली असूनही काटा तळालाच राहिला तर बॅटरी सोडवून सेंडर बाहेर काढा. पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत खळखळलं तर तो बुडालाय. नाही खळखळलं तर गरम पाण्यात धरा, भोक असेल तिथून बुडबुडे येतील. आत पेट्रोल असताना सोल्डरचा डाग द्यायला जाऊ नका, नवा फ्लोट स्वस्त पडतो. फार जुन्या गाड्यांत लाखेचं पॉलिश दिलेला बुचाचा फ्लोट असतो. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात त्याचा टिकाव कठीण.

दुरुस्तीनंतरही काटा अगदी बरोबर दाखवेल असं नाही. टाकी जवळजवळ रिकामी करून पंपावर पाच-पाच लिटर भरा आणि दर वेळी काटा कुठे येतो ते लिहा. माझा काटा पाव दाखवतो तेव्हा टाकीत जेमतेम पाच लिटर असतं. ती चिठ्ठी ग्लोव्ह बॉक्समध्ये असते. बायको गाडी काढते तेव्हा काट्याकडे बघतच नाही, आधी चिठ्ठी वाचते.