सुट्टी, पण दुर्बिणीसकट

सकाळचे साडेपाच. डिसेंबरात मुंबईला या वेळी मिट्ट काळोख असतो, अंदमानात उजाडलंसुद्धा.

आज रविवार. पडद्यावर दिसतेय ती संशोधक एरवी पाण्याखाली उतरून समुद्री गवत मोजते, ड्युगाँग हा समुद्री सस्तन प्राणी ज्यावर जगतो ते. आज मोजणी नाही. दुर्बीण मात्र गळ्यात आहेच.

हे सिप्पीघाट. श्री विजयपुरम, म्हणजे परवापर्यंतचं पोर्ट ब्लेअर, इथून जवळच. समोर दिसतंय ते तळं नव्हे, ही भातशेती होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन जवळजवळ मीटरभर खचली. उत्तर अंदमानात उलटंच झालं, किनारा वर उचलला गेला आणि प्रवाळ उघडे पडले. त्सुनामी आली, ओसरली. खचलेली जमीन मात्र खालीच राहिली आणि भरतीचं पाणी खाचरांत येतच राहिलं. शेतं गेली ती गेलीच.

त्या बदकांकडे बघा. डोळ्याभोवती पांढरं कडं आहे, हे अंदमान टील. चिखलात चोची खुपसणारे तुतवार हिवाळ्यापुरते आलेत. टील इथलंच, बारा महिने.

दुपारनंतर चिडिया टापू. नावात टापू असला तरी हे वेगळं बेट नाही, दक्षिण अंदमानचंच टोक. आपली मंडळी सेल्युलर जेल पाहतात आणि परततात, इथवर फार थोडे येतात.

हा भारद्वाज. आपल्याकडचा काळा, याचं अंग फिकट बदामी, पंख तेवढे तेच विटकरी. शकुन यालाही लागू होतो का, असं आम्ही विचारलं. ती नुसती हसली.

आणि हा टकटकाट! अंदमानचा सुतार, सगळा काळा, डोक्यावर लाल तुरा. जगात फक्त याच बेटांवर. त्याला ढोलीसाठी जाडजूड, जुनं झाड लागतं. म्हणून हे जंगल लागतं.

दूर दक्षिणेला, ग्रेट निकोबारच्या गलाथिया उपसागरात, बंदर होऊ घातलंय. पालापाचोळ्याच्या ढिगात अंडी उबवणारा मेगापोड पक्षी तिथे किनाऱ्यालगतच राहतो.

पाच वाजून गेले, सूर्य बुडाला. पोपटांचे थवे डोक्यावरून मुक्कामाला निघालेत.

आता पडद्यावर काही दिसणार नाही. झाडीत घुबड बोलतंय. वहीत त्याच्या नावापुढे ती ‘ऐ’ लिहिते. ऐ म्हणजे ऐकलं, पाहिलं नाही.