डेट्रॉईट लायन्स: एका विजयासाठी ३२ वर्षं

नमस्कार मंडळी! आज विषय अमेरिकन फुटबॉलचा आहे. हा खेळ कधी पाहिला नसेल तरी बसा, कारण नियम फार लागणार नाहीत. एकच नियम लागेल, तो वाटेत सांगतो.

१४ जानेवारी २०२४, रविवारची रात्र. डेट्रॉईटचं फोर्ड फील्ड गच्च भरलेलं. लायन्स २४, लॉस एंजेलिस रॅम्स २३. शेवटची दोनेक मिनिटं उरलीत. लायन्सचा क्वार्टरबॅक (हल्ल्याची सूत्रं हलवणारा, पास फेकणारा खेळाडू) जॅरेड गॉफ चेंडू फेकतो, आमॉन-रा सेंट ब्राऊन तो पकडतो, ११ यार्ड मिळतात, म्हणजे चेंडू लायन्सकडेच राहणार. सामना तिथेच संपला. आता गॉफने फक्त चेंडू घेऊन गुडघा टेकायचा आणि घड्याळ संपू द्यायचं. अख्खं स्टेडियम एका सुरात ओरडत होतं, "जॅ-रेड गॉफ! जॅ-रेड गॉफ!"

प्लेऑफचा, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीचा, पहिलाच सामना होता हा. कप नाही, ट्रॉफी नाही. तरी प्रेक्षकांत म्हातारी माणसं रडत होती.

मी इथे नोवायला राहतो, डेट्रॉईटपासून अर्ध्या तासावर. गाड्यांच्या कारखान्यांमुळे या भागात पुण्याहून आलेली मराठी घरं बरीच आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी हाडं गोठवणारी थंडी होती, आणि आमचे शेजारी, वय सत्तरच्या पुढे, डोक्याला लायन्सची निळी टोपी घालून दारातला बर्फ ओढत होते. मला पाहिलं, फावडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "माझे वडील असायला हवे होते." मी इथे आल्यापासून त्यांना इतकं हळवं झालेलं पाहिलं नव्हतं.

ते असं का बोलले, ते कळायला मागे जावं लागेल.

हा संघ मूळचा डेट्रॉईटचा नाही. ओहायोतल्या पोर्ट्समथ नावाच्या छोट्या गावात तो 'स्पार्टन्स' म्हणून खेळायचा. १९३४ साली जॉर्ज रिचर्ड्स या रेडिओ स्टेशनच्या मालकाने तो विकत घेऊन डेट्रॉईटला आणला. शहर बेसबॉलचं वेडं, फुटबॉलला कोण विचारतो! रिचर्ड्सने थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी शिकागो बेअर्सशी सामना ठेवला आणि तो देशभर रेडिओवरून ऐकवला. २६ हजार लोक आले. लायन्स १९-१६ असे हरले, पण प्रथा पडली. मधली १९३९ ते १९४४ ही वर्षं सोडली तर आजतागायत त्या दिवशी लायन्स खेळतातच. आपल्याकडे दिवाळीच्या सकाळी रेडिओवर कीर्तन लागायचं, तसं इथल्या घरांत दुपारी लायन्स लागतात.

आणि हा संघ चांगला होता! १९३५, १९५२, १९५३, १९५७, चार वेळा अजिंक्यपद. १९५७ च्या अंतिम सामन्यात क्लीव्हलँडला ५९-१४ असं धुतलं. त्या दशकात डेट्रॉईट गाड्यांची राजधानी होतं, १९५० ची वस्ती साडेअठरा लाख. पुढे कारखाने गेले, माणसं गेली. २०२० च्या जनगणनेत उरले ६ लाख ३९ हजार. आणि १९५७ नंतर, २०२४ च्या त्या रात्रीपर्यंत, लायन्सनी प्लेऑफमध्ये किती सामने जिंकले? एक. जानेवारी १९९२, डॅलसविरुद्ध. बस्स.

खेळाडू नव्हते असं नाही. बॅरी सँडर्ससारखा चेंडू घेऊन पळणारा माणूस क्वचित जन्मतो. १९९९ च्या जुलैत, सर्वकालीन विक्रमाला १,४५७ यार्ड कमी असताना, ३१ व्या वर्षी त्याने आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवला आणि निवृत्त झाला. सतत हरून हरून मन विटलं, असं त्याने पुढे सांगितलं. पास झेलण्यात पटाईत असलेला कॅल्विन जॉन्सनही तिशीत थांबला.

आणि २००८. सोळा सामने, सोळा पराभव. त्यातला मिनेसोटाविरुद्धचा एक प्रसंग सांगतो. डॅन ऑरलॉव्स्की हा तरुण क्वार्टरबॅक आपल्याच गोलच्या पट्ट्यात उभा. अंगावर धावून येणाऱ्यांपासून वाचायला तो मागे सरकतो, बाजूला पळतो, आणि पळता पळता त्याचा पाय मागच्या रेषेबाहेर पडतो. त्याला पत्ताच नाही, तो पळतोच आहे. याबद्दल समोरच्यांना दोन गुण मिळतात. सामना लायन्स हरले १२-१०. बरोबर दोन गुणांनी! इथली माणसं अशा वेळी तीनच शब्द बोलायची, "सेम ओल्ड लायन्स".

मग २०२१ च्या जानेवारीत डॅन कॅम्पबेल हेड कोच झाला. शून्य-सोळाच्या त्या संघात हा माणूस स्वतः खेळाडू होता. त्याच महिन्यात नवे जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स यांनी संघाचा सगळ्यात लाडका खेळाडू, बारा वर्षं राबलेला मॅथ्यू स्टॅफर्ड, रॅम्सला दिला. बदल्यात रॅम्सना नकोसा झालेला गॉफ आणि पुढची नवे खेळाडू निवडण्याची हक्काची पाळी, पहिल्या फेरीतली दोनदा आणि तिसऱ्या फेरीतली एकदा. स्टॅफर्ड वर्षभरात सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, जिंकला. लायन्स पहिले अकरा सामने एकही न जिंकता बसले होते.

आता तो नियम. दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात. तीन वाया गेल्या की चौथीला बहुतेक संघ चेंडू लांब लाथाडून देतात किंवा किक मारून तीन गुण घेतात. कारण चौथी फसली तर चेंडू आहे त्याच जागी समोरच्याच्या हातात. कॅम्पबेल चौथीलाही खेळतो. २०२१ चा पहिला विजय असाच आला: शेवटचे चार सेकंद, चौथी संधी, गॉफचा पास, सेंट ब्राऊनच्या हातात. नव्या खेळाडूंच्या निवडीत या सेंट ब्राऊनच्या आधी १६ रिसीव्हर (पास झेलणारे) घेतले गेले होते आणि त्या सोळाही जणांची नावं त्याला तोंडपाठ आहेत!

२०२३ मध्ये १२ विजय, तीस वर्षांनी विभागाचं विजेतेपद, मग ती रॅम्सची रात्र. होय, समोर स्टॅफर्डच होता. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाविरुद्ध, सुपर बोलच्या दाराशी, मध्यंतराला २४-७ अशी आघाडी. दुसऱ्या अर्धात कॅम्पबेलने दोनदा चौथी संधी खेळली, दोन्ही फसल्या. ३४-३१ हरले, तीन गुणांनी. किक घ्यायला हवी होती का? माझं ठाम मत आहे, नाही. ज्या हिमतीवर संघ तिथवर पोचला, ती तिथे पोचल्यावर गुंडाळून ठेवता येत नाही.

२०२४ मध्ये १५ विजय, २ पराभव, संघाच्या इतिहासातला सर्वोत्तम मोसम, आणि घरच्या मैदानावर वॉशिंग्टनकडून ४५-३१ अशी हार. त्यानंतर दोन्ही मुख्य सहायक प्रशिक्षक दुसऱ्या संघांचे हेड कोच झाले. २०२५ मध्ये ९ विजय, ८ पराभव, प्लेऑफ नाही.

मोसम संपला त्या आठवड्यात शेजारी पुन्हा दारात भेटले. टोपी तीच. "नऊ?" ते चिडून म्हणाले. "नऊच?" आणि पुढची वीस मिनिटं, त्या थंडीत, कोणत्या सामन्यात काय चुकलं ते मला एकेक करून सांगत राहिले.