एकाच वाफेला दोन कामं

(दृश्य: गोव्यातली सत्तरी, एप्रिल. काजूची भट्टी.)

एप्रिलात सत्तरीच्या भट्ट्यांना उसंत नसते. भांड्यात आंबलेला रस उकळतो, वाफ नळीतून पुढे सरकते आणि थेंब थेंब हुर्राक, म्हणजे काजूची दारू, उतरतो. वाफ निवावी म्हणून मडक्यावर सारखं पाणी ओतायचं. जळणाची बहुतेक ऊब त्या पाण्याबरोबर ओघळून जाते. हंगाम दोन-तीन महिन्यांचा, त्यामुळे कुणी फारसा हिशेब मांडत नाही.

(दृश्य: गोव्यातलीच वेर्णा औद्योगिक वसाहत. ऊर्ध्वपातनाचा उंच कॉलम.)

इथे मांडावा लागतो. औषध कारखान्याच्या सांडपाण्यातून मिथेनॉल हे सॉल्व्हंट (द्रावक) परत मिळवायचंय. ते 64.7 अंशांना उकळतं, पाणी 100 ला. या फरकावरच कॉलम चालतो. अडचण अशी, की सॉल्व्हंट शेकड्यात चार-पाच भाग असलं तरी तापवावं लागतं सगळं पाणी. 1,000 लिटर पाणी 30 वरून 100 अंशांवर न्यायलाच बॉयलरची सुमारे 130 किलो वाफ जाते. आणि कॉलमच्या तळातून निघालेलं उकळतं पाणी तसंच ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात) सोडलं, तर तिथले जीवाणूच मरतील. म्हणजे आधी पैसे मोजून तापवा, मग पैसे मोजून निववा!

(दृश्य: प्लेट हीट एक्स्चेंजर.)

त्यापेक्षा बाहेर जाणाऱ्या गरम पाण्याने आत येणारं गार पाणी तापवायचं. ते 90 अंशांवर पोचलं, तर 130 पैकी 110 किलो वाफ वाचते.

पुढची युक्ती दोन कॉलमांची. एक जास्त दाबाचा, म्हणून जास्त तापमानाला उकळणारा; दुसरा व्हॅक्यूमचा, कमी तापमानाला उकळणारा. पहिल्याच्या माथ्यावरची वाफ दुसऱ्याच्या तळाशी थंड होते, आणि तिच्याच उष्णतेवर तो दुसरा उकळतो. भट्टीवर जी ऊब मडक्यावरून ओघळते, तीच इथे चूल होते.

वाफ कॉम्प्रेसरने दाबून पुन्हा वापरण्याचं यंत्रही आहे. पण माथा आणि तळ यांच्या तापमानात अंतर जितकं जास्त, तितकी वीज जास्त. मिथेनॉलमध्ये ते 35 अंशांचं. माहितीपत्रकात ही गोष्ट बारीक अक्षरात असते.

आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) हे सॉल्व्हंट आणखी हट्टी. कॉलम कितीही उंच करा, 12 टक्के पाणी सोडत नाही. तिथे वेगळा उपाय लागतो, जसं पाणी शोषून घेणाऱ्या सच्छिद्र मण्यांची मॉलिक्युलर सीव्ह.

(दृश्य: रात्रपाळी. पॅनलवरचा आकडा.)

आत येणाऱ्या पाण्याच्या 90 अंशांचे 84 झाले. सावंतवाडीहून आलेला ऑपरेटर आकडा बघतो आणि फोन उचलतो, "एक्स्चेंजर परत चोक."

(दृश्य: उघडलेल्या प्लेट्स. त्यांवर तपकिरी साका. पाण्याचा जोरदार फवारा.)