लिनक्सवर वायफाय गायब? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी! लिनक्स टाकलं, सगळं झकास चाललंय, फक्त वरच्या कोपऱ्यात वायफायचं चिन्हच नाही. मग आपण काय करतो? रीस्टार्ट. पुन्हा रीस्टार्ट. आणि मग थेट फॉरमॅट. मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवून दोनदा लिनक्स टाकलं, आणि शेवटी कळलं, लॅपटॉपच्या कडेचं बारकं बटण बंद होतं. हसा, हसा.

म्हणून टर्मिनल उघडा आणि पहिली कमांड मारा: आरएफकिल लिस्ट. [स्क्रीनवर कमांड] 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे 'येस' दिसलं, तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' म्हणा, काम झालं. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे 'येस' असेल, तर कमांडी मारत बसू नका. बटण शोधा.

तिथे सगळं 'नो' आलं? मग एलएसपीसीआय, स्पेस, डॅश के. यादीत नेटवर्क कंट्रोलर शोधा. त्याच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसेल, तर कार्ड मशीनला दिसतंय, पण ते चालवणारा ड्रायव्हरच बसलेला नाही.

ओळ आहे, तरी वायफाय नाही? सुडो डीमेसग. ही कमांड कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश दाखवते. त्यात 'फर्मवेअर' शब्द शोधा. बहुतेकांची गाडी इथेच अडते. बऱ्याच वायफाय चिपना चालू होताना एक फाइल लागते, तिलाच फर्मवेअर म्हणतात. ती कार्डात नसते, ड्रायव्हर ती डिस्कवरून चिपमध्ये चढवतो. फाइल नाही, तर चिप नुसता दगड. डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार. त्याच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये अशा फाइली वर्षानुवर्षं नव्हत्या, कारण त्या मुक्त सॉफ्टवेअर नाहीत. 2022 मध्ये डेबियनवाल्यांनी त्यावर मतदान घेतलं आणि 2023 च्या डेबियन 12 पासून त्या आत आल्या. तत्त्व मला पटतं हो, पण नेट चालू करायला लागणारी फाइल नेटवरून उतरवायची, हे त्रांगडं कसं सोडवायचं? खिशातला अँड्रॉइड फोन काढा, केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपला तो साध्या वायरच्या नेटसारखा दिसतो. फाइल उतरवा, रीस्टार्ट करा. हा रीस्टार्ट मात्र कामाचा!

आता एक गमतीदार केस. शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी नेटवर्कं दिसतात, आपलंच दिसत नाही. राउटर चॅनेल 12 किंवा 13 वर गेलाय का बघा. आपल्याकडे ते चालतात, पण लॅपटॉप स्वतःला अमेरिकेत समजत असेल तर तिकडे ढुंकूनही बघत नाही. 'आयडब्ल्यू रेग गेट' म्हणा, तो कुठला देश धरून बसलाय ते कळेल. त्या भानगडीत पडायचं नसेल, तर राउटर 1, 6 किंवा 11 वर आणा.

आणि कनेक्ट झालं, पण पान उघडत नाही? पिंग 1.1.1.1 करा, म्हणजे नेटवरच्या एका पत्त्याला हाक मारा. उत्तर आलं, पण साइटच्या नावाने पिंग केल्यावर नाव सापडतच नाही म्हणाला, तर वायफायला शिव्या घालू नका. घोळ डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा आहे.

तरीही अडलात, तर डीमेसगच्या ओळी जशाच्या तशा खाली टाका. नुसतं 'दादा, चालत नाही' लिहिलंत, तर मी काय डोंबल सांगणार?